रंगातले खड्डे

प्रिय करिष्मा,

आणि तू फोन कट केलास. मी पुढची दोन वाक्यं बोलून गेले, मग लक्षात आलं की पलीकडे कुणी नाही. नमुना तेव्हा भिंगाखालीच होता. तुमच्या बंपरचा नखाएवढा तुकडा, पांढरा, चकचकीत, आणि त्याच्या मधोमध तो खड्डा, टाचणीच्या डोक्याहून लहान. मी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला आणि लेझर बंद केला. शेजारच्या टेबलावरून ज्ञानेशने विचारलं, "क्लायंट तापला का?" म्हटलं, क्लायंट नाही, मैत्रीण. तो म्हणाला, "मग काही खरं नाही, मॅडम."

वर 'प्रिय' लिहिलंय ते खोडत नाही. पत्र कुठून तरी सुरू करावं लागतं. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, हे गेली काही वर्षं असंच आहे. क्वालिटी हेड झाल्यापासून तुझ्या आवाजात एक घाई आली आहे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तू 'ओके, पुढे' म्हणतेस. मेसेज पाठवला तर तू तो वाचतेस आणि मलाच पुसायला सांगतेस. कागदाला 'ओके, पुढे' म्हणता येत नाही. हे पाकीट मी आज संध्याकाळी रावेतला तुझ्या सोसायटीच्या गेटवर देणार आहे. वर येणार नाही. चहा नको.

जे झालं ते तुला माहीत आहे. तरी मी क्रमाने लिहिते, कारण तू ते वेगळ्या क्रमाने सांगत फिरतेस. दसऱ्यानंतर तुमच्या पेंट शॉपमधून निघणाऱ्या बंपरांवर खड्डे दिसायला लागले. ओल्या रंगावर सिलिकॉनचा कण पडला की रंग त्याच्यापासून दूर सरकतो आणि तिथे खळगा राहतो. तुमच्या धंद्यात हे काल लागलेल्या माणसालाही माहीत असतं. म्हणून तर दारावर पाटी आहे: डिओ नको, हेअर जेल नको, क्रीम नको. तू सगळ्यांचे लॉकर उघडायला लावलेस. रंग फवारायच्या बूथचे ऑपरेटर युनूस पठाण यांच्या लॉकरमध्ये दाढी मऊ करायच्या क्रीमची ट्यूब सापडली. ती ट्यूब आणि बंपरचा एक तुकडा आमच्या भोसरीच्या लॅबमध्ये आला. सोबत तुझी सूचना: फक्त इन्फ्रारेड तपासणी, लवकर. ज्ञानेशने ते केलं. खड्ड्यात सिलिकॉन, क्रीममध्येही सिलिकॉन. त्या रिपोर्टमधला एकही शब्द चुकीचा नव्हता. रिपोर्ट हातात पडला त्याच दुपारी तू युनूसभाईंना सस्पेंड केलंस. तू त्या कंपनीत येण्याआधीपासून ते त्या बूथवर उभे आहेत. शॉपमध्ये काय बोललं गेलं तेही माझ्यापर्यंत आलं. "मियाँच्या दाढीनं अख्खी लाइन झोपवली राव." तू हसली नसशील. कुणाला गप्पही केलं नसशील.

विद्यापीठातलं आठवतं का, असं विचारणार नाही. तुला आठवतं. इन्फ्रारेडचं यंत्र एका इमारतीत आणि लेझरवर चालणारं रामनचं दुसऱ्या. इन्फ्रारेड झालं की नमुना काचपट्टीवर धरून उन्हातून चालत जायचं, आणि तिथे पोचल्यावर तोच बिंदू पुन्हा सापडायचा नाही. तू टाचणीने बिंदूशेजारी फुली ओढायला लागलीस. सर ओरडले, नमुना खराब करता म्हणून. तू म्हणालीस, "सर, जागा हरवण्यापेक्षा ओरखडा परवडला." मला हे दोन्ही प्रकार तूच समजावलेस. रेणू थरथरतच असतो. त्यातली काही थरथर इन्फ्रारेडला नीट दिसते आणि रामनला जेमतेम, काही रामनला दिसते आणि इन्फ्रारेडला तिचा पत्ताही लागत नाही. तू म्हणायचीस, एकाला विचारून दुसऱ्याचं उत्तर आपणच भरायचं नाही. परीक्षेत मार्क मला जास्त पडले, समज तुझी होती.

आणि पिंपळे गुरवची खोली. घरमालकीण दुर्गाबाईंनी आधी खोली आहे म्हणून सांगितलं, मग माझं नाव विचारलं, मग म्हणाल्या, "अगं, भाच्याला दिली की कालच." तू दुसऱ्या दिवशी एकटी गेलीस, खोली स्वतःच्या नावावर घेतलीस, आणि संध्याकाळी माझी बॅग उचलून जिना चढलीस. दुर्गाबाई दारात उभ्या. तू म्हणालीस, "काकू, ही माझी रूममेट. हिच्या हातची खिचडी खाऊन बघा, भाच्याला विसराल." त्यांनी खिचडी खाल्ली नाही. खोली सोडायलाही सांगितलं नाही. मी हे उपकार म्हणून लिहीत नाहीये. जे तुला तेव्हा त्या जिन्यावर कळलं होतं ते आज कळत नाही, असं मानायला मी तयार नाही. राग आहे तो याचा. ज्याला कळतच नाही अशा माणसावर मी एवढा कागद घालवला नसता.

तुमच्या गिऱ्हाईक कंपनीचं एका पानाच्या रिपोर्टवर समाधान झालं नाही. त्यांनी पूर्ण तपासणी मागितली. म्हणून दुसरा तुकडा आला, आणि तो माझ्याकडे आला. आमच्याकडे आता दोन्ही एकाच सूक्ष्मदर्शकात आहेत. नमुना हलवावा लागत नाही. ज्या बिंदूवर इन्फ्रारेड त्याच बिंदूवर रामन, केसाच्या जाडीहून कितीतरी लहान जागेत. खड्ड्याच्या तळाशी एक फिकट ठिपका होता, धूळ म्हणून सोडून द्यावा असा. इन्फ्रारेडने सांगितलं, सिलिकॉन. ते अपेक्षितच होतं. मग त्याच ठिपक्यावर हिरवा लेझर टाकला आणि पडद्यावरच्या आलेखात तीन शिखरं उभी राहिली, उंच, अणकुचीदार. रामनवर काम केलेला कुणीही ती ओळखतो. गाजराचा रंग, लाल मिरचीचा रंग, पिवळ्या-केशरी फुलांचा रंग, सगळे त्याच घराण्यातले. मला आधी माझ्या डब्याचा संशय आला. डब्यात गाजराची कोशिंबीर होती. हात धुतले, हातमोजे बदलले, दुसरा खड्डा घेतला. तीच शिखरं. तिसरा घेतला. तीच. खड्ड्याबाहेर, चांगल्या रंगावर, त्यातलं काही नाही. युनूसभाईंच्या क्रीममध्येही नाही.

मग तू पाठवलेला फोटो आठवला. दसऱ्याचा. नव्या रोबोटचा हात, त्याला झेंडूची माळ, खाली तुझा मेसेज: 'बघ आमचा नवरदेव!' मागे बूथच्या तोंडाशी, वरून जाणाऱ्या कन्व्हेयरलाही माळा. तुमच्याकडे पूजा पेंट शॉपच्या दाराबाहेर होते, आत उदबत्तीही चालत नाही, हे पूर्वी तूच मला सांगितलं होतंस. यंदा प्लँट हेडना रोबोटसोबत फोटो हवा होता. मी विचारलं होतं, एवढा चमकतोय कशाने? तू लिहिलंस, 'माझ्या गाडीतला डॅशबोर्डचा स्प्रे. माळांवर पण मारला, ताज्या दिसतात. टकाटक!' मी हसरा चेहरा पाठवला होता. डॅशबोर्डच्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं, हे मी तुला सांगायचं?

तळेगावला अब्बांच्या गॅरेजमध्येही दसऱ्याला पान्यांना आणि जॅकला झेंडू असतो. गिऱ्हाइकं घेऊन येतात, अब्बा लावून घेतात आणि पेढा खातात. अब्बा तुझी आठवण काढतात. परवा विचारत होते, "ती रावेतवाली आता गाडी आपल्याकडे का आणत नाही? मोठी झाली का?" मी म्हटलं, हो, मोठी झाली. गॅरेजमधली एक वाळलेली माळ अजून खिळ्याला होती. ती लॅबमध्ये आणली, तोच स्प्रे मारला, वाळू दिली, बोटांनी चुरडली आणि तो भुगा भिंगाखाली ठेवला. इन्फ्रारेडमध्ये सिलिकॉन, रामनमध्ये तीन शिखरं, एकाच कणात. तुमच्या खड्ड्यात होतं तेच. तुमच्या माळा दसऱ्यानंतर कुणी उतरवल्याच नाहीत. त्या तिथेच वाळल्या, कन्व्हेयर हलत राहिला आणि पाकळ्यांचा चुरा ओल्या रंगावर पडत राहिला. गळण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा खड्डेही थांबले. तोवर युनूसभाई घरी बसले होते. तू सगळ्यांना सांगितलंस, बघा, माणूस काढला, खड्डे गेले.

त्या ठिपक्यात इन्फ्रारेडला झेंडू दिसणं शक्यच नव्हतं. रंग कणभर, सिलिकॉन त्याच्यावर लेपलेलं, आणि इन्फ्रारेडमध्ये सिलिकॉनचा आवाज मोठा. रामनमध्ये उलट. तिथे सिलिकॉन पुटपुटतं आणि झेंडू ओरडतो. एकालाच विचारून थांबलो असतो तर दाढीच खरी ठरली असती. पहिल्या वेळी तू एकालाच विचारायला लावलंस ते घाईत, असं मी धरून चालते. आज तू एकच पान मागितलंस ते घाईत नव्हतं.

तुला फोन करायच्या आधी, रविवारी, मी चाकणला युनूसभाईंकडे गेले होते. रुक्सानाभाभींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "या. दाढीवाले आतच बसलेत." मग त्यांच्याकडे बघून, "मी सांगितलेलं, या वयात दाढी मऊ करून कुणाला दाखवायचीय?" युनूसभाई हसले. ते लातूरकडचे, बोलणं अजून तिकडचंच आहे. म्हणाले, "ईदला लावलेली एकदा. कामावर कोण लावतंय? ट्यूब लॉकरमधी राहिली, बस." मी त्यांना झेंडूचं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं होईल. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, एक काम करा. फुलाचं नाव तेवढं घालू नका." मी म्हटलं, मग तुम्ही सुटणार कसे? "क्रीमचं राहू द्या माझ्या नावावर. माफी लिहून देतो. घेतील परत, माणसं वाईट न्हाईत." रुक्सानाभाभी म्हणाल्या, "माफी कशाची? न केलेल्याची?" ते म्हणाले, "तू गप बस. क्रीम लावणारा माणूस त्यांना कामाला चालतो. पूजेला नाव ठेवणारा चालत न्हाई." भाभी गप्प बसल्या नाहीत, पण त्या पुढे जे बोलल्या ते तुझ्याबद्दल होतं आणि ते मी इथे लिहीत नाही. मला त्या वेळी राग आला तो युनूसभाईंचा. घरी पोचेपर्यंत तो तुझा झाला.

म्हणून आज फोन केला. तू सगळं ऐकून घेतलंस. मधे एकदाही 'ओके, पुढे' म्हणाली नाहीस, तेव्हाच मला समजायला हवं होतं. मग म्हणालीस, "इन्फ्रारेडचं पान पाठव फक्त. रामनचं कस्टमरला काय कळणारे?" मी म्हटलं, आणि युनूसभाई? "त्याच्या क्रीममध्ये सिलिकॉन आहे का नाही? आहे ना? झालं मग." मी म्हटलं, तुझ्या स्प्रेमध्येही आहे.  त्यावर तुझा आवाज बदलला, खोलीवरचा झाला, जुना. "सिदरा, मी तुझ्यासाठी बोलतेय हं. दसऱ्याच्या पूजेने माल खराब झाला, आणि खाली सही सिदरा तांबोळी. तूच वाच एकदा. मग लोक काय बोलतील ते मी नाही थांबवू शकणार." मी म्हटलं, थांबवू शकणारी तू एकटीच आहेस. ते तू ऐकलंस की नाही, मला माहीत नाही.

तू म्हणालीस ते खोटं नाही. ते खरं असल्यामुळेच मला इतकं लागलं. लोक आधी खालचं नाव वाचतील आणि आलेख मागाहून, किंवा आलेख वाचणारच नाहीत. युनूसभाईंना हे रंग मारता मारता कळलेलं आहे. पण ते हे घाबरून बोलले. तू ते वापरलंस. ज्या नावाची बॅग तू जिन्यावरून वर नेलीस तेच नाव आज माझ्यासमोर धरलंस, धमकी म्हणून, आणि आवाज काळजीचा. दुर्गाबाई बऱ्या. त्यांनी निदान दार लावलं होतं आणि ते लावलेलं दिसत होतं.

आता हे का लिहिलं ते. उद्या सकाळी तुमच्याकडे युनूसभाईंची चौकशी आहे आणि कामगारांच्या बाजूने मला साक्षीला बोलावलंय. तुला हे अजून कुणी सांगितलं नसेल. मी दोन्ही आलेख घेऊन येणार आहे. युनूसभाईंनी नको म्हटलं तरी बोलणार आहे, आणि तसं त्यांना कळवलंय.  पण माझ्या आधी तुला बोलावतील. तेव्हा तू सांग. माळा लावायला तू सांगितल्यास, स्प्रे तू मारलास, माळा काढायच्या राहून गेल्या. तुझ्या तोंडून ती तेवढीच गोष्ट राहील, एक स्प्रे आणि राहून गेलेली एक माळ. त्यात कुणी पूजा बघणार नाही, कुणी दाढी बघणार नाही. तुला फार तर एक मेमो मिळेल. आम्हा दोघांपैकी कुणी तेच वाक्य उच्चारलं तर ते दुसरंच काही होईल, आणि ते युनूसभाईंच्या मागे चाकणभर फिरेल. मी मैत्रीखातर मागत नाहीये. मैत्री असती तर हे पत्र लागलं नसतं. तू ते बोलू शकतेस म्हणून तुला सांगतेय. नाही बोललीस तर मी बोलेन, आणि नंतर मला जो कुणी विचारेल त्याला तुझं नाव पूर्ण सांगेन.

तुझी
(हात सवयीने हे लिहून गेला, त्यात काही वाचू नकोस)
सिदरा

दुसऱ्या दिवशी सकाळी करिष्माला आधी बोलावलं. तिने सांगितलं की माळा तिने लावायला सांगितल्या होत्या आणि स्प्रे तिचा होता. मग ती म्हणाली की बूथमध्ये बाहेरची वस्तू राहू न देणं ही ऑपरेटरची जबाबदारी असते, आणि माळ रोज त्याच्या डोक्यावर होती. चौकशी अधिकाऱ्याने युनूसला विचारलं, माळ का काढली नाही. युनूस म्हणाला, "देवाची माळ होती, साहेब. मी कसा हात लावणार?" हे वाक्य नोंदीत घेतलं नाही. सिदराकडून दोन्ही आलेख घेऊन फाइलला लावले. तिला काही विचारलं नाही. क्रीमचा आरोप मागे घेण्यात आला. माळ न काढल्याबद्दल युनूसला ताकीद मिळाली आणि त्याच दिवशी दुसऱ्या शिफ्टपासून त्याला कामावर घेतलं, पेंट शॉपला नाही, पॅकिंगला.